खालच्या रस्त्यावरची मोजणी

खरं सांगायचं तर हे मी लिहिणारच नव्हतो. एक तर सेर्रामूता गाव लहान. त्यात या प्रकरणात अकरा गाड्या गुंतलेल्या, आणि त्यातल्या सात माझ्या नातेवाइकांच्या. दुसरं म्हणजे ज्याच्यावर हे सगळं गुदरलं तो एजिदियो मला अजून रोज बारमध्ये भेटतो आणि कॉफी पाजतो. दोनदा लिहायला घेतलं, दोनदा पुसलं. पण आता गावात या गोष्टीच्या चार आवृत्त्या फिरताहेत आणि एकीत तर एक बकरी आहे. बकरी नव्हती. म्हणून लिहितो.

एजिदियोचं म्हणणं साधं होतं. गावातून खाली ओढ्याकडे चौदा किलोमीटरचा रस्ता जातो. आधी ओकची झाडं, मग गव्हाची उतरण, मग जूनमध्ये पिवळीधमक फुलणारी झुडपं, मग जुनी पाणचक्की. ओढ्यावरचा पूल खचला तेव्हापासून गाडी पलीकडे जात नाही. पायी माणूस जातो, सायकल जाते, म्हणजे थोडक्यात कुणीच जात नाही. आता प्रांताचं एक कार्यालय आहे, ते ‘शांत वाटा’ नावाचा नकाशा छापतं. तो नकाशा हातात धरून हॉलंडातले निवृत्त दंतवैद्य वगैरे मंडळी सायकलवरून येतात, झाडाखाली बसतात, चीज खातात आणि खोली कुठं मिळेल असं विचारतात. एजिदियोनं आजीच्या तबेल्यावरच्या तीन खोल्या स्वतः रंगवून ठेवल्या होत्या. रस्ता नकाशावर आला की खोल्या भरणार. नाही आला, तर एक सप्टेंबरला जर्मनी. तिथं चुलतभाऊ साव्हेरिओनं एका स्क्रूच्या गोदामात त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती आणि दर रविवारी फोन करून ती अजून धरलीय असं सांगत होता.

नकाशावर यायची अट एकच. कामाच्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळात त्या रस्त्यावरून तीसपेक्षा जास्त मोटारगाड्या जाता कामा नयेत. एजिदियोनं एका मंगळवारी स्वतः बसून मोजल्या. चार. त्यातल्या दोन म्हणजे कानिओकाकांची तीनचाकी आपे, एकदा जाताना आणि एकदा येताना.

हे वाचून तुम्हाला वाटेल की मग काय, झालंच काम. एजिदियोलाही तसंच वाटलं. अठ्ठावीस वर्षं या गावात काढून माणसाला असं वाटावं याचंच नवल आहे.

पहिली अडचण अर्जात. रस्त्याचं नाव लिहा. गावात त्याला ‘खालचा रस्ता’ म्हणतात. ग्रामकचेरी म्हणाली रस्ता प्रांताचा, प्रांत म्हणाला रस्ता जमीनसुधारणा मंडळाचा, आणि मंडळ एकोणीसशे ब्याऐंशी साली बरखास्त झालेलं. शेवटी कचेरीतल्या एर्मेलिंदाबाईंनी तीन शिक्के मारून ‘खालचा रस्ता म्हणून ओळखला जाणारा रस्ता’ असं मान्य केलं. मग पुढचा रकाना: शांततेचं कारण. एजिदियोनं प्रामाणिकपणे लिहिलं, ‘लोक नाहीत’. एर्मेलिंदाबाईंनी चष्मा काढला.

“लोक नाहीत? मग मी कोण आहे?”

त्यानं ते खोडून ‘निसर्ग’ लिहिलं. खाडाखोड असलेला अर्ज चालत नाही म्हणून नवा अर्ज आणायला मंगळवारी बोलावलं, कारण कचेरी मंगळवारी आणि गुरुवारीच उघडी असते. मंगळवारी एर्मेलिंदाबाईंची दाढ काढायची होती. गुरुवारी काम झालं.

घरी वेगळंच. त्याची आई फिलोमेनाबाई, तिला हेच पटत नव्हतं की धडधाकट माणूस पैसे मोजून सायकल चालवायला येईल. आमच्याकडे सायकल चालवणारा माणूस दिसला की लोक विचारतात, याचं लायसन्स कधी जप्त झालं? न्हाव्यानं सल्ला दिला की खोल्यांमध्ये मोठे टीव्ही लाव, कारण शांततेत माणूस घाबरतो. औषधवाला म्हणाला, चढावर चार ठिकाणी रक्तदाब तपासायची सोय ठेव. मी स्वतः काय सल्ला दिला ते आता आठवत नाही, पण दिला होता.

कानिओकाकांनी मात्र सल्ला दिला नाही. ते शहात्तर वर्षांचे, एजिदियोचे पत्त्यांतले भिडू. वयात अठ्ठेचाळीस वर्षांचं अंतर, पण आठ वर्षं एकत्र पत्ते खेळल्यावर ते अंतर राहत नाही. काकांनी एकतीस वर्षं गावाची बस चालवली. आता बस नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “मोजायला माणूस येणार आहे का?”

“येणार. अकरा जूनला. बाई आहे.”

“अस्सं,” काका म्हणाले आणि पान टाकलं. चुकीचं टाकलं, हे तेव्हाच एजिदियोच्या लक्षात यायला हवं होतं. काका चुकीचं पान टाकत नाहीत.

आता इथं थोडं थांबून सांगायला हवं की आमच्या गावात मोजायला माणूस येणं म्हणजे काय. आधी आला तो बसमधले उतारू मोजायला. तीन दिवस होता. तिन्ही दिवस गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्या लोकरीचं विणकाम घेऊन बसमध्ये बसून राहिल्या, वर-खाली, वर-खाली. एकीचं स्वेटर पुरं झालं. बस तरी बंद झाली, कारण आकडा नऊनं कमी पडला. मग आला शाळेतली मुलं मोजायला. शेजारच्या गावातून मावशा-आत्यांची पाच मुलं उसनी आणली. त्यातल्या एकानं नाव विचारल्यावर खरं नाव सांगितलं. शाळा बंद. मग पोस्ट. आठवडाभर आम्ही सगळे एकमेकांना पत्रं लिहीत होतो. समोरच्या घरातल्या काकूला मी तीन पत्रं टाकली, तिनं मला चार. त्यात एक भांडणाचं होतं. पोस्टही गेलं, थोडक्यात गेलं. दरवेळी थोडक्यातच.

तर गाव या सगळ्यातून एकच गोष्ट शिकलं होतं: आपण कमी पडतो.

एजिदियो मूर्ख नाही. हे सगळं त्यालाही आठवत होतं. म्हणून नऊ जूनला तो बारमध्ये मुद्दाम खुर्चीवर उभा राहिला आणि सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. या वेळी उलटं आहे, गाड्या कमी हव्यात, परवा कृपा करून कुणी खाली जाऊ नका. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. कुणी शंका विचारली नाही. आमच्या बारमध्ये कुणी खुर्चीवर उभं राहून बोलावं आणि त्याला एकही शंका विचारली जाऊ नये, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. झालं असं की कोपऱ्यातल्या टेबलावर गावाचा एकुलता एक पोलीस ब्रूनो बसला होता, युनिफॉर्म घालून. सगळ्यांनी एकदा ब्रूनोकडे बघितलं, एकदा एजिदियोकडे, आणि मान डोलावली. ब्रूनोनंही मान डोलावली. पोरगा हुशार आहे, पोलिसासमोर असंच बोलायला पाहिजे, असं गावाचं मत पडलं. सरकारला काहीतरी कमी हवंय हे कुणाच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. कानिओकाकांनी तर जाताना त्याला डोळा मारला. एजिदियोला वाटलं, काकांच्या डोळ्यात काहीतरी गेलं.

अकरा जूनला बरोबर पावणेआठला मोजणीवाल्या बाई आल्या. नाव ओर्नेल्ला, वय पन्नाशीचं, पायात मजबूत बूट, बोलणं मोजकं. झऱ्याजवळच्या वळणावर त्यांनी घडीची खुर्ची मांडली, छत्री रोवली, गुडघ्यावर पाटी ठेवली आणि त्यावर छापील तक्ता. वेळ, वाहन, नंबर. एजिदियो शेजारच्या दगडावर बसला. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

आठ वाजून दहा मिनिटांनी पावाची गाडी गेली. ठीक. पाव हवाच.

साडेआठला कानिओकाकांची हिरवी आपे गेली. काकांनी एकतीस वर्षं वापरलेली बसची टोपी घातली होती. बाईंना सलाम केला. आठ पस्तीसला तीच आपे वर आली. टोपी नव्हती, गॉगल होता. आठ बेचाळीसला पुन्हा खाली. आता मागे दोन कोंबड्यांची खुराडी होती. माल वाहतूक.

मग औषधवाला. मग न्हावी, आणि त्याच्या मागोमाग न्हाव्याचा मेहुणा, जो शेजारच्या गावात अंत्यविधीची काळी गाडी चालवतो. ती रिकामी गाडी दिवसभरात चौदा वेळा गेली. बाईंनी पहिल्या वेळी उठून छातीवर क्रूसाची खूण केली, दुसऱ्या वेळी अर्ध्यात थांबल्या, आणि तिसऱ्या वेळेपासून नुसता नंबर लिहिला. मग तेरेसीनाआत्या. तिनं चौऱ्याण्णव सालानंतर गाडीच्या चाव्या हातात घेतल्या नव्हत्या. ती पहिल्या गिअरमध्ये आली, पहिल्या गिअरमध्ये गेली, आणि वळणावर बाईंना म्हणाली, “रोज जाते हो मी. रोज.”

एजिदियो उठला. रस्त्याच्या मध्यभागी जाऊन त्यानं दोन्ही तळवे जोडून छातीसमोर गदागदा हलवले. आमच्याकडे याचा अर्थ, अरे हे काय लावलंय माझ्याशी. औषधवाल्यानं खिडकीतून हात बाहेर काढून उत्तर दिलं, जमेल तेवढं करतोय बाबा. आणि वेग वाढवला.

वाईट त्यात असं की आमच्याकडे दोन गाड्या समोरासमोर आल्या की खिडकीला खिडकी लावून थांबायचं आणि चौकशी करायची, आई कशी आहे, गुडघा कसा आहे. रस्ता एका गाडीचा. दहा वाजता न्हावी आणि ब्रूनो थांबले, त्यांच्या मागे आपे, तिच्या मागे काळी गाडी, दुसऱ्या बाजूला तेरेसीनाआत्या, जिला रिव्हर्स येत नाही. गादीवाल्याचा टेम्पो कुठून आला कुणास ठाऊक, पण आला आणि भोंग्यावरून डबल गाद्यांची जाहिरात करत तिथंच अडकला. पोलिसाची गाडी त्यात होती ती वाहतूक सुरळीत करायला आली असावी असं एजिदियोला क्षणभर वाटलं. ब्रूनोही फेऱ्याच मारत होता. त्याच्या नवव्या फेरीला एजिदियोनं मोजणं सोडलं.

बाईंनी सोडलं नव्हतं. त्या लिहीत होत्या. कपाळावर आठी नाही, चेहऱ्यावर हसू नाही. दाढीवाल्या ज्योतिषासमोर हात पसरून बसावं तसा एजिदियो त्यांच्याकडे बघत होता. चूक समजावून सांगावी तर गावाची अब्रू जाते, न सांगावी तर खोल्या जातात. त्यानं सांगितलं, “आज जरा गर्दी आहे.” बाई म्हणाल्या, “दिसतंय.”

आणि मग एक वाजला.

एक वाजता आमचं गाव जेवतं. प्रलय आला तरी तो अडीचपर्यंत थांबेल. एक वाजून दोन मिनिटांनी शेवटची गाडी वर गेली आणि रस्त्यावर जे काही उरलं ते म्हणजे झऱ्याचं पाणी. गव्हावरून वारा खाली उतरला. ओकच्या झाडात कोकिळेसारखा एक पक्षी एकाच सुरात बोलत राहिला. पिवळ्या फुलांचा तो मधासारखा वास, जो सकाळपासून धुराखाली दबला होता, तो हळूहळू वर आला. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि बूट काढले. एजिदियोला वाटलं, हेच. हेच दाखवायचं होतं. फक्त हे.

पावणेदोनला त्याची आई दोघांना जेवण घेऊन आली. गाडीनं. बाईंनी बूट न घालताच नंबर लिहिला आणि मग चिकोरीचा कडवट पाला घातलेली, बाकला नावाच्या कडधान्याची वाटलेली भाजी दोनदा मागून खाल्ली.

अडीचला सगळं परत सुरू झालं. सहा वाजता बाईंनी तक्त्याखाली रेघ मारली. एकशे त्रेसष्ट.

वरून पंधरा-वीस माणसं चालत आली. हो, आता चालत. पुढे कानिओकाका, टोपी पुन्हा डोक्यावर. घामानं भिजलेले, डोळे लाल.

“किती?” त्यांनी विचारलं.

“एकशे त्रेसष्ट,” बाई म्हणाल्या.

मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काकांनी टोपी काढली, एजिदियोच्या दंडाला धरलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “एक्केचाळीस माझ्या आहेत. बसच्या वेळी मी चालवत होतो, मला मागे बसून उतारू होता येत नव्हतं. या वेळी हात मोकळे होते. आता तुझं काही बंद करत नाहीत ते. जर्मनीला कळव.”

दिवसभर मनातल्या मनात त्यानं काकांना जे जे ऐकवलं होतं, ते सगळं त्यानं सोडून दिलं. शेवटी बाईंनीच सांगितलं, सरळ, जसं त्यांना सांगता येत होतं तसं. तीसच्या वर नको होत्या. कमी गाड्या असतील तरच रस्ता नकाशावर येतो.

तेरेसीनाआत्यानं विचारलं, बाई काय म्हणते? कुणी तिला सांगितलं नाही.

“कमी?” काका म्हणाले. “म्हणजे कमी असलं की देता?”

“हो.”

“काढून घेत नाही?”

“नाही.”

काका एजिदियोच्या दगडावर बसले. टोपी दोन्ही हातांनी गुडघ्यावर धरली. “शाळेत सहा पोरं होती, बाई,” ते म्हणाले. “तेव्हा तुम्ही कुठं होता?”

बाईंनी तक्ता पुन्हा वरपासून वाचला. एकशे त्रेसष्ट गाड्या, अकरा नंबर. मग पान उलटलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की मोजणीच्या दिवशी काही असाधारण घटना घडली असेल तर फेरमोजणी करता येते. तीन चौकटी होत्या. सण. अंत्ययात्रा. दरड.

यातलं काय झालं, त्यांनी विचारलं.

इथून पुढं तासभर जे चाललं ते थोडक्यात सांगतो. न्हाव्याच्या मेहुण्याचं म्हणणं अंत्ययात्रा लिहा, गाडी तर होतीच, चौदा वेळा होती. पण अंत्ययात्रेला मृत्यूचा दाखला जोडावा लागतो आणि कुणी तयार नव्हतं. दरडीला भूगर्भतज्ज्ञ लागतो. राहिला सण, त्याला पाद्रीबाबांचं पत्र. पाद्रीबाबा डॉन लिबोरिओ खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा दोष गावाला आधीपासून माहीत होता. ते घरी गेले, कॅलेंडर घेऊन आले, आणि म्हणाले की आज संत बार्नाबांचा दिवस आहे. तो आपण आजवर पाळला नाही हे खरं, पण आज लोकांनी ज्या श्रद्धेनं फेऱ्या मारल्या त्याला मी मिरवणूक म्हणायला तयार आहे. एक अट. मिरवणूक म्हणायची तर शेवटी जेवण हवं. तेव्हा झऱ्यापाशीच सॉसेज भाजली, वाइन आली, गादीवाल्यानं भोंग्यावर गाणी लावली. बाईंनी ‘सण’ या चौकटीत खूण केली आणि दोन सॉसेज खाल्ली. आता बायका म्हणतात की बार्नाबा दरवर्षी करायचा.

फेरमोजणी ठरली अठ्ठावीस ऑगस्टला. साव्हेरिओची जागा धरलेली एक सप्टेंबरपर्यंत. म्हणजे चार दिवसांची फट.

या वेळी गावानं काम नीट हातात घेतलं. सत्तावीसच्या संध्याकाळी सगळ्या गाड्यांच्या चाव्या डॉन लिबोरिओंकडे जमा करायच्या. पाववाला दोन दिवसांचा पाव आदल्या दिवशी टाकणार. गादीवाल्याला तेरेसीनाआत्या एक डबल गादी घेते असं सांगून परत पाठवणार. कुणाला दवाखान्यात जायचं असेल तर त्यानं सत्तावीसला किंवा एकोणतीसला आजारी पडावं, अशी सूचना औषधवाल्यानं फळ्यावर लावली. एर्मेलिंदाबाईंनी त्यावर शिक्का मारला.

एकटे कानिओकाका गप्प होते. चावी देईन म्हणाले, पण पत्ते खेळताना पुन्हा चुकीचं पान टाकलं, आणि या वेळी एजिदियोनं ते पाहिलं.

“काय झालं काका?”

“काही नाही.”

“पान चुकलं तुमचं.”

काकांनी हातातले पत्ते पालथे ठेवले. बारमध्ये दुपारचं कुणी नव्हतं, मी होतो पण मला कुणी धरत नाही.

“आठ ते सहा,” काका म्हणाले. “ती बाई बसणार, आणि कुणी जाणार नाही. एक गाडी नाही. मग ती कागदावर शून्य लिहिणार.”

“तेच तर हवंय.”

“माहितीय रे मला. समजलंय. नकाशा छापतील, दंतवैद्य येतील, तू राहशील.” ते थोडा वेळ टेबलावरचा कपाचा गोल डाग बोटानं पुसत राहिले. “पण एकतीस वर्षं गाडी चालवली मी त्या रस्त्यानं. आपल्या गावापुढं कुणी शून्य लिहिताना माझ्यानं घरात बसवायचं नाही.”

एजिदियोला वाटलं समजूत घालावी. शून्य म्हणजे आपण नाही असं नव्हे, असं काहीतरी. पण ते त्याला स्वतःलाच नीट पटेना, आणि काकांसमोर न पटलेलं बोललं की ते लगेच ओळखतात. त्यानं आपले पत्तेही पालथे ठेवले.

“घरात नको बसू. माझ्या खोल्यांच्या गॅलरीत बस, तिथून वळण दिसतं,” तो म्हणाला. काकांना तो पहिल्यांदाच एकेरीत बोलला, आणि दोघांनीही ते लक्षात आलं नाही असं दाखवलं. “सहा वाजता ती रेघ मारेल, खुर्ची घडी करेल आणि जाईल. सहा वाजून पाच मिनिटांनी मी पाद्रीबाबांकडून तुझी चावी आणतो. आपण दोघं आपे घेऊन पाणचक्कीपर्यंत जाऊ आणि परत येऊ. टोपी घाल. कुणी मोजत नसताना एक फेरी. वचन.”

काकांनी पत्ते उचलले आणि पुन्हा लावले.

“दोन फेऱ्या,” ते म्हणाले.

“बरं, दोन.”